याला कान नाहीत

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ओपाचा फोन आला. एरवी हा माणूस आधी हवा, मग गुडघे, मग हायवेवरची खोदकामं असं सगळं यथासांग उरकून मुद्द्यावर येतो. त्या दिवशी एकच वाक्य बोलला.

"याला कान नाहीत."

"कोणाला?"

"तुझ्या ट्रेलरला. गेटवरून परत पाठवलाय. साडेसातला लाडेश्लुस आहे. बोल, आता काय करू?"

ही गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरातली. म्युनिकजवळच्या एका लहानशा ट्रान्सपोर्ट कंपनीत मला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. कुठला ट्रेलर, कुठला ड्रायव्हर, किती वाजता, कुठे, याची जुळवाजुळव करायची हे माझं काम. रेल्वेनं जाणारे ट्रेलर बघणारी सहकारी त्या आठवड्यात तापानं आडवी झाली आणि तिचा तक्ता माझ्या गळ्यात आला. ओपा म्हणजे आजोबा. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. मालकासकट सगळं ऑफिस त्याला याच नावानं हाक मारतं. आणि लाडेश्लुस म्हणजे मालगाडी भरायची शेवटची वेळ. माझ्या जर्मनच्या वह्यांमध्ये हा शब्द कुठेच नव्हता. आज विचाराल तर सांगेन, या धंद्यात सगळ्यात आधी हाच शिकावा.

आमचा नेहमीचा ट्रेलर ब्रेकच्या कामासाठी वर्कशॉपात होता, म्हणून मी भाड्यानं एक मागवला होता. तीन आस, साडेतेरा मीटरच्या वर लांबी, बाजूला ताडपत्रीचे पडदे. सगळं नीट बघून घेतलं होतं. फॉर्मवर 'क्रानबार' असा एक चौकोन होता, तो मात्र मी रिकामा सोडला. क्रान म्हणजे क्रेन एवढं कळत होतं. माझी समजूत अशी झाली की ज्यांना क्रेनचे सुटे भाग वाहून न्यायचे असतील त्यांच्यासाठी तो असेल. आपल्याला तर वॉशिंग मशीनची काचेची दारं पाठवायची आहेत, ३३ पॅलेट, म्युनिकहून व्हेरोनाला. आपल्याला क्रेनशी काय करायचंय?

'क्रानबार'चा अर्थ 'क्रेननं उचलण्याजोगा'. रेल्वेच्या टर्मिनलवर ट्रेलर क्रेननंच उचलून मालगाडीवर ठेवतात.

साधा ट्रेलर दोनच जागी भार पेलायला बनवलेला असतो. पुढे किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीनं तो ट्रकच्या तोंडाला अडकतो ती, आणि मागे चाकं. मधे कुठे धरून त्याला उचलायला गेलात तर मालासकट त्याची कंबर मोडेल. क्रेनजोग्या ट्रेलरची चौकट भक्कम केलेली असते, आणि खालच्या कडेला दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार जागी पकडीसाठी पोलादी कडा असतात, पिवळ्या रंगवलेल्या. ओपाच्या भाषेत कान. शिवाय बाजूला एक पिवळी पाटी असते. हा ट्रेलर कोपऱ्यात किती उंच आहे आणि वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, बसल्यावर कुठल्या मार्गावरच्या बोगद्यांतून निभावून जाईल, हे त्या पाटीवरच्या आकड्यावरून कळतं. पी ४०० म्हणजे कोपऱ्याची उंची चार मीटर. माझ्या ट्रेलरला कान नव्हते आणि पाटीही नव्हती. गेटवरच्या माणसानं एकदा वाकून बघितलं आणि हात हलवला. त्याचं काहीच चुकलं नाही.

युरोपच्या रस्त्यांवर धावणारे बहुसंख्य ट्रेलर असे बिनकानाचेच आहेत, हे मला नंतर कळलं आणि जरा बरं वाटलं. त्यांनाही रेल्वेवर चढवायच्या नाना युक्त्या निघाल्या आहेत. फ्रान्सच्या मोदालोर वाघिणीचा मधला भाग तिरका फिरून फलाटाला टेकतो आणि ट्रेलर त्यावर सरळ ढकलून देता येतो. आल्प्समध्ये एतों ते ओर्बासानो ही असली गाडी २००३ मध्ये सुरू झाली, आणि लक्झेंबर्गच्या बेतेंबूर्गहून स्पेनच्या सीमेजवळच्या ल बुलूला जाणारी २००७ मध्ये. कार्गोबीमर म्हणून एक प्रकार आहे, त्यात वाघिणीचा तळ ट्रेलरसकट आडवा सरकतो. निक्रासा नावाची एक पोलादी चौकट मिळते: ट्रेलर तिच्यावर चढवायचा आणि क्रेननं चौकट उचलायची. ते नावही 'क्रेननं न उचलता येणारे ट्रेलर' या जर्मन शब्दांच्या तुकड्यांचं बनलंय. या सगळ्या गोष्टी मी आता घडाघडा सांगते. त्या गुरुवारी त्यातली एकही मला ठाऊक नव्हती, आणि असती तरी आमच्या गाडीला तशी सोय नव्हती.

मग काय, रस्ता. पण ओपा सकाळपासून गाडीवर होता. इथल्या नियमानं साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला चालवायचे नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा, आणि रात्रीची अकरा तास विश्रांती. ट्रकमधलं नोंदीचं यंत्र, टॅकोग्राफ, सगळं टिपत असतं, त्याच्याशी लाडीगोडी चालत नाही. ओपाकडे तासाभराचं चालवणं उरलं होतं. तेवढ्यात तो ट्रेलर आमच्या आवारात आणून सोडू शकत होता, बस. व्हेरोनापर्यंत जाणारा दुसरा ड्रायव्हर रात्री दहाला सापडला, त्याची विश्रांती सकाळी आठला संपत होती. आठला निघाला. इन्सब्रुकच्या अलीकडे अपघात, तीन तास जागच्या जागी. संध्याकाळी सहाच्या सुमारास व्हेरोनाच्या गोदामापाशी पोचला, ते पाचला बंद झालेलं. दारं सोमवारपर्यंत दाराशीच.

आणि मालगाडी? ती वेळेवर गेली, आमच्या नावाचा कप्पा रिकामा ठेवून. त्याचे पैसे अर्थात आम्हीच भरले.

मालक ओरडले असते तर सोसलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मंगळवारी टर्मिनलवर जा आणि उभं राहून बघून या."

गेले. दोन मापं मोठं नारिंगी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, पावलांना लोखंडी नाकाचे बूट. ओपानं ट्रेलर आणला, मार्गिकेत उभा केला, पुढचे पाय खाली फिरवून टेकवले आणि ट्रक सोडवून घेतला. मग तो ट्रेलरभोवती एक फेरी मारायला निघाला, मी मागोमाग. त्यानं एअर सस्पेन्शनची हवा सोडली. मोठ्यानं फुस्स झालं आणि अख्खा ट्रेलर उसासा टाकून खाली बसला. मागचा आडवा दांडा, जो मागून येणारी मोटार ट्रेलरखाली घुसू नये म्हणून असतो, तो त्यानं वर दुमडला, कारण वाघिणीत तो आडवा येतो. ताडपत्रीचा एकेक पट्टा ओढून पाहिला. "हा एक पट्टा सैल राहिला," तो म्हणाला, "तर बोगद्यात समोरून गाडी आली की पडदा शिडासारखा फुगतो. मग पुढचं स्टेशन आणि तुझा फोन." त्यानंतर खाली वाकला, डाव्या बाजूच्या पिवळ्या कडेवरचा चिखल अंगठ्यानं पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कान."

रुळांवरून सरकत येणारी अवाढव्य क्रेन डोक्यावर आली. खेकड्यानं नांग्या सोडाव्यात तसे तिचे चार लांब हात ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी खाली उतरले, कडांखाली गेले, आत वळले. एक क्षण काहीच झालं नाही. मग पडदे किंचित थरथरले आणि तीस टनांच्या वरचं ते धूड सावकाश वर निघालं. चाकं लोंबायला लागली. टायरांमधून पाणी ठिबकत होतं, चिखल अडवणारी रबरं वाऱ्यावर हलत होती. रस्त्यावर जो ट्रेलर बघून आपण दबकून लेन बदलतो, तो हवेत टांगलेला बघताना मला, का कोण जाणे, थोडं संकोचल्यासारखं झालं. मानगुटीला धरून उचललेल्या मांजराकडे बघताना होतं तसं.

वाघिणीवर पुढच्या टोकाला एक खोगीर असतं, त्यात किंगपिन बसायला हवा. मागची चाकं मधल्या खोल कप्प्यात, जवळजवळ रुळांच्या पातळीवर जातात. म्हणून तर चार मीटर उंचीचा ट्रेलर बोगद्यात मावतो. क्रेनवाला बोटभर पुढे, बोटभर मागे करत होता. मग 'खट्' असा आवाज आला, खालच्या माणसानं कुलूप तपासून हात वर केला, नांग्या सुटल्या. जेमतेम चार मिनिटं. माल उघडला नाही, मोजला नाही, कोणी हातही लावला नाही. त्याच्या खालची चाकं तेवढी बदलली.

वाघिणीवरून एक आठवलं. मी एकदा ऑफिसात सांगितलं की माझ्या भाषेत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगनची झाली असणार, पण शब्द तोच, जो वाघाच्या मादीला. तेव्हापासून आमची आजारी पडलेली सहकारी, आता खडखडीत बरी आहे ती, फोनवर मला विचारते, "आज किती वाघिणी?" बहुतेक वेळा उत्तर सोळा असतं. आमच्या गाडीला ३४ मीटर लांबीच्या जोड-वाघिणी असतात, एकीत दोन ट्रेलर, म्हणजे ३२ ट्रेलर आणि साडेपाचशे मीटरच्या आसपास लांबी. युरोपातल्या मुख्य मार्गांवर ७४० मीटरच्या गाड्या धावाव्यात असं ठरलेलं आहे. ठरलेलं आहे, एवढंच म्हणते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बघितली जी मला फोटोंत कधी दिसली नव्हती. क्रेनखालच्या रुळांवर विजेची तार नसते. असणारच कशी, वरून ट्रेलर उतरायचेत. मग विजेचं इंजिन आत येतं कसं? बऱ्याच ठिकाणी डिझेलचं इंजिन वाघिणी ओढून नेतं किंवा ढकलतं. काही टर्मिनलांत मात्र इंजिन पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा, खाली घेतं आणि आधीच्या वेगावर नुसतं घरंगळत आत येतं, अख्खी गाडी मागे घेऊन. ड्रायव्हरनं वेग कमी धरला तर मधेच अडकायची भीती. त्या माणसांना मी मनातल्या मनात सलाम करते.

आता कोणी विचारेल, म्युनिक ते व्हेरोना रस्त्यानं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, सगळं सुरळीत असेल तर सहा तास. मग एवढा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. एरवी एवढ्या अंतराला रेल्वे परवडत नाही. दोन्ही टोकांना उचलण्याचा खर्च, दोन्ही टोकांना ट्रक, शिवाय थांबणं, हे सगळं वसूल व्हायला अंतर मोठं लागतं. पण मधे ब्रेनर आहे. १,३७१ मीटर उंचीची ती खिंड वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक ओलांडतात. ज्या दिवशी गर्दी अपेक्षित असते त्या दिवशी ऑस्ट्रियातल्या टिरोलचं प्रशासन कुफस्टाइनपाशी ट्रक थोडेथोडे सोडतं, ताशी फार तर ३०० च्या आसपास. रांग बव्हेरियात मागे लांबवर जाते. २०२५ च्या जानेवारीपासून तर ब्रेनरच्या अलीकडचा लुएग पूल नव्यानं बांधायचा म्हणून एकेरी मार्गिकेवर आला. अशा वेळी आमचे ३२ ट्रेलर रात्री झोपेत डोंगर ओलांडतात आणि सकाळी व्हेरोनाच्या क्वाद्रान्ते एउरोपा टर्मिनलवर दुसरे ट्रक त्यांची वाट बघत उभे असतात. ओपा रात्री स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर. ड्रायव्हर मिळेनासे झालेल्या या काळात हा शेवटचा मुद्दा मालकांना सगळ्यात वजनदार वाटतो.

सरकारनंही थोडी साखर पेरली आहे. युरोपीय समुदायाचा १९९२ चा निर्देश आहे, त्यानं एकत्रित वाहतूक कशाला म्हणायचं ते ठरवलं: मधला रेल्वेचा टप्पा सरळ रेषेत १०० किलोमीटरहून जास्त हवा आणि रस्त्याचा टप्पा जवळच्या सोयीच्या टर्मिनलापुरता. त्यात बसलात तर सवलती. जर्मनीत एरवी ४० टनांची मर्यादा असलेला ट्रक अशा फेरीत ४४ टनांपर्यंत चालतो. क्रेनजोग्या ट्रेलरचं जास्तीचं वजन त्यात भरून निघतं आणि वर उरतंही. रविवारी ट्रकना रात्री दहापर्यंत बंदी असते, पण टर्मिनलकडे जाणाऱ्याला २०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. 'जवळचं सोयीचं टर्मिनल' यातल्या 'सोयीचं' या शब्दावरून मी रस्त्यावरच्या पोलिसाशी फोनवर वीस मिनिटं वाद घातलाय. कागदावर ILU कोड नीट होता म्हणून सुटलो. (हा ट्रेलरचा ओळखक्रमांक: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी पडताळणीचा एक. फोनवर सांगताना बी आणि डी यांत घोळ होतो तो होतोच.)

रेल्वेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात व्हायची. ट्रक म्युनिकहून निघाला की तोच ट्रक, तोच माणूस, थेट सिसिलीपर्यंत जाऊ शकतो. रेल्वेत तसं नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात तारेत १५ किलोव्होल्टचा १६.७ हर्ट्झचा प्रवाह, ब्रेनरपलीकडे इटलीत ३ किलोव्होल्टचा डीसी. सिग्नलची पद्धत वेगळी, नियम वेगळे. अलीकडची इंजिनं दोन्ही प्रवाहांवर चालतात, म्हणून ब्रेनरला इंजिन बदलण्यातला वेळ वाचतो. पण ड्रायव्हरला त्या देशाची भाषा आणि तो मार्ग यायला लागतो, म्हणून माणूस बदलतो. मार्ग १८६७ चा. काही ठिकाणी दर हजार मीटरला २६ मीटरपर्यंत चढ, त्यामुळे जड गाडीला दोन-दोन, कधी तीन इंजिनं. खालून ५५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदणं चालू आहे, तो झाला की हा चढच राहणार नाही. पण जर्मनीच्या बाजूनं त्याला जोडायच्या नव्या मार्गाचं घोडं अजून पेंड खातंय.

आणि रूळ तुटला तर वळसा नसतो. जर्मनीतल्या रस्टाटची हकीकत आमच्या धंद्यात अजून आजीच्या गोष्टीसारखी सांगतात. १२ ऑगस्ट २०१७. ऱ्हाइन खोऱ्यातल्या मार्गाखालून नवा बोगदा खणताना वरचे रूळ खचले. रोटरडॅमपासून जिनोआपर्यंतच्या मालवाहतुकीची ती मुख्य धमनी, ती २ ऑक्टोबरपर्यंत बंद. पलीकडे फ्रान्समधून मार्ग होता, रूळही रिकामे होते. पण फ्रेंच येणारे जर्मन ड्रायव्हर आणि त्या मार्गाला चालणारी इंजिनं आणणार कुठून? सात आठवडे युरोपभर वाघिणी साइडिंगांत उभ्या. ट्रकवाले दोन्ही हातांनी कमावत होते, असं आमच्या मालकांनीच कबूल केलंय. त्यात तेही होते.

दुसरा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचा. १० ऑगस्ट २०२३ ला स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डच्या तळबोगद्यात एका मालगाडीच्या वाघिणीचं चाक फुटलं आणि गाडी घसरली. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, ५७ किलोमीटरचा. त्यातला काही किलोमीटर मार्ग उखडला. एका नळीतून मालगाड्या दोन आठवड्यांत सुरू झाल्या, पण बोगदा पूर्ण सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. डोंगरावरचा जुना मार्ग होता की, असं वाटेल. तो होता, पण त्याच्या बोगद्यांत चार मीटर कोपऱ्याचा ट्रेलर मावत नाही. पिवळ्या पाटीवरचा तो आकडा तेव्हा पहिल्यांदा मला नुसता आकडा वाटला नाही. ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो अशा कंपन्या फोन करून विचारत होत्या, तुमच्या ब्रेनरच्या गाडीत दोन कप्पे मिळतील का, एक तरी?

ओपाला मात्र चार मीटर वगैरेत रस नाही. त्याचं मन 'रोला'त अडकलेलं. रोलेंडे लांडश्ट्रासे, म्हणजे रुळांवरून धावणारा रस्ता. तिथे कान लागत नाहीत, क्रेन लागत नाही. ठेंगण्या वाघिणींची रांग, शेवटी उतरंड. ड्रायव्हर अख्खा ट्रक स्वतः चालवत वाघिणींवरून पुढे नेतो, चाकांना पाचर लावतो आणि गाडीलाच जोडलेल्या डब्यात जाऊन झोपतो.

२४ ऑक्टोबर २००१ ला गोटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्यात दोन ट्रक आदळले आणि आग लागली. ११ माणसं गेली. दोन वर्षांपूर्वी, १९९९ च्या मार्चमध्ये, माँ ब्लांच्या बोगद्यात ३९ गेली होती. ओपा तेव्हा इटलीच्या फेऱ्या करायचा. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही. त्यानंतर फ्रायबुर्गहून नोव्हाराला रोलानं जायला लागला, एवढंच सांगतो. गाडी त्याच वर्षी सुरू झालेली. दहा-अकरा तासांचा प्रवास, आणि झोपायला बिछाना असल्यामुळे ते तास विश्रांतीत धरले जायचे. स्वित्झर्लंडमधून रात्री दहा ते पहाटे पाच ट्रकला बंदी, पण ट्रक रुळांवर असेल तर रात्र आपलीच. "संध्याकाळी जर्मनीत शिव्या देत चढायचो," तो म्हणतो, "आणि सकाळी इटलीत आंघोळ केलेला माणूस म्हणून उतरायचो." डब्यात तुर्की, पोलिश, स्लोव्हाक, सगळे एका टेबलाशी पत्ते खेळत. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती, पत्त्यांना ती लागत नाही.

मला विचाराल तर रोला हिशेबात बसणारी गोष्ट नव्हतीच. मालाबरोबर ट्रकचं तोंड, ड्रायव्हर आणि त्याचा बिछाना असं सगळं मेलेलं वजन डोंगरावरून न्यायचं. त्या वाघिणींची चाकं नेहमीच्या चाकांच्या निम्म्याहून लहान, म्हणजे तेवढ्याच अंतरात दुप्पटीहून जास्त फेरे आणि तेवढीच जास्त झीज. स्वित्झर्लंडनं पैसे घातले म्हणून ती चालली. १९९४ च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी मतदान करून आल्प्स ओलांडणारा माल रुळांवर न्यायचा असं ठरवलं होतं. वर्षाला साडेसहा लाख ट्रकांपर्यंत खाली यायचं लक्ष्य पुढे कायद्यानं घातलं, ते अजून गाठलेलं नाही. रोला २०२८ पर्यंत चालवायचं ठरलं होतं. त्याआधीच २०२५ च्या अखेरीस बंद झाली. हे सगळं मी ओपाला समजावून सांगायला गेले. चाकांचा व्यास, अनुदान, भरणा. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर असेल. तू हिशेब करतेस. मी झोपायचो."

माझा कल आहे तो बिनमाणसाच्या डब्यांकडे. अदलाबदलीची खोकी, सात-साडेसात मीटरची, चार दुमडते पाय असलेली: ड्रायव्हर पाय खाली पाडतो, हवा सोडतो, खालून ट्रक काढून घेऊन निघून जातो, खोकं आपलं उभं. १९६७ मध्ये कियासोत हुपाक आणि १९६९ मध्ये फ्रँकफर्टमध्ये कोम्बीफेरकेअर या कंपन्या सुरू झाल्या तेव्हापासून या लोकांनी हीच एक गोष्ट घोटली आहे, की माल हलवायचा नाही, डबा हलवायचा. पण आमच्याकडची गिऱ्हाइकं ट्रेलरवर अडून आहेत. त्यांच्या गोदामांचे धक्के ट्रेलरच्या मापाचे. तेव्हा ट्रेलर, आणि कान.

त्या मंगळवारनंतर मी एक नियम केला. टर्मिनलला जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या पिवळ्या कडेचा आणि पाटीचा फोटो दुपारी चारच्या आत माझ्या फोनवर यायलाच हवा. ओपा सुरुवातीला मुद्दाम त्रास द्यायचा. कधी स्वतःच्या कानाचा फोटो, एकदा तर शेतातल्या गाढवाचा. मग सवय झाली. सहा वर्षांत माझ्या फोनमध्ये कडांचे हजारावर फोटो साठलेत: पावसातले, बर्फातले, एकात कडेवर एक गोगलगाय.

ओपा यंदा वसंतात निवृत्त झाला. त्याच्या जागी एक रोमानियन मुलगी आलीय, तिशीच्या आतली, फार बोलत नाही, ट्रक मात्र लोण्यातून सुरी फिरवावी तसा मागे घेते. पहिल्या दिवशी मी तिला कामं सांगितली; फोटो का लागतो ते सांगायचं राहूनच गेलं. तिनंही विचारलं नाही. आज तीन वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला. पी ४०० ची पाटी, आणि दुसऱ्या फोटोत कड, वाळलेल्या चिखलानं माखलेली, मधे अंगठ्याएवढाच भाग पुसलेला. त्यातून पिवळा रंग दिसत होता. मी कप्पा पक्का केला आणि व्हेरोनाला कळवलं.